शेफ बसत नाही

शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही, असा नवऱ्याने नियम केला होता. कुणी म्हणजे मीसुद्धा. बाकीचे सगळे दिवस मी तिथे सकाळ-संध्याकाळ उभी असते, त्याबद्दल एखादा नियम करावा असं कधी कुणाला वाटलं नाही. पण शनिवार त्याचा. त्या दिवशी माझी शेगडी त्याची, माझ्या कढया त्याच्या, आणि संध्याकाळी मी कामावरून आले की त्या परत माझ्या, घासायच्या राहिलेल्या.

तो वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. दुकानादुकानांत जायचं, पितळी वजनं ठेवून काटा बघायचा आणि काटा खोटा निघाला की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळवायचं, हे त्याचं काम. असा माणूस स्वयंपाकाच्या नादी लागला की काय होतं? मीठ चिमटीने नाही, वजनाने. कांदे मोजून नाहीत, तोलून. एकदा मी म्हटलं, "अरे, अंदाजाने टाक की," तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काटा मारताना रंगेहाथ सापडले होते.

पण हाताला चव आहे त्याच्या, खोटं कशाला बोलू? कोंबडी भाजतो ती अशी, की वरची कातडी दाताखाली कुरकुरते आणि आत रस असतो. लसूण लोण्यात मंद परतून त्यात मासा टाकतो तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या उघडतात. बिअरचे ग्लास आदल्या दिवशीच बर्फाच्या कप्प्यात जाऊन बसतात. ओतताना ग्लास तिरका धरायचा, फेस दोन बोटं राहिला पाहिजे, त्यात कमी नाही, जास्त नाही. हे सगळं त्याने पन्नाशी जवळ आल्यावर स्वतःचं स्वतः शिकून घेतलं. घरात मी इतकी वर्षं जे करत होते त्याला स्वयंपाक म्हणत. तो करायला लागला तेव्हा त्याला छंद म्हणू लागले.

जेवायला यायचे तिघं. कॉलेजच्या वसतिगृहापासूनचे मित्र. एक वकील, जो कोर्टात जितका बोलतो त्याच्या दुप्पट बाहेर बोलतो. दुसरा गुरांचा डॉक्टर, शांत माणूस, गाई-म्हशींत राहून तसाच झालेला. आणि तिसरा बारक्या, ज्याचं फरश्यांचं दुकान आहे. वसतिगृहात असताना तो काडीसारखा होता म्हणे. आता त्याला खुर्ची देताना मी आधी तिचे पाय बघते. पण नाव पडलं ते पडलं. या तिघांनी नवऱ्याचं नाव 'शेफ' ठेवलं होतं. ते ऐकलं की तो हरभऱ्याच्या झाडावर चढायचा आणि शनिवार ते शनिवार तिथेच बसून असायचा.

तिथेच म्हणते, कारण टेबलाशी तो कधी बसायचा नाही. हा त्याचा दुसरा नियम. सगळं जेवण एकदम मांडायचं म्हणजे खानावळ, असं त्याचं मत. एकेक गोष्ट तव्यावरून थेट ताटात गेली पाहिजे. म्हणून मित्र बाहेर टेबलाशी आणि हा आत शेगडीशी. टेबलाला चार खुर्च्या. चौथीवर बर्फाचं घमेलं आणि त्यात बाटल्या. "शेफ, बस की रे आता," असं बारक्याने म्हणायचं आणि याने आतून "घ्या तुम्ही, आलोच" म्हणायचं. आलोच म्हणायचा आणि येताना पुढची प्लेट घेऊन यायचा. ती टेकवली, सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, "कसं झालंय?" विचारलं, की परत आत. स्वतःची बिअर ओट्यावर कोमट होऊन पडलेली असायची. मी ती संध्याकाळी मोरीत ओतायची.

माझी शनिवारी पूर्ण पाळी असते. मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे मी घरी पोचायची तेव्हा मंडळी निघायच्या तयारीत असायची, "येतो वहिनी," "छान झालं होतं वहिनी," एवढंच. मी भांड्यांना लागले की नवरा शेजारी स्टूल घेऊन बसायचा आणि मला सगळा वृत्तान्त सांगायचा. "आज वकील काय म्हणाला माहितीये?" मला वाटायचं, काहीतरी मोठी केस असेल, मुलाचं काहीतरी असेल. "म्हणाला, असं मटण त्याने जन्मात खाल्लं नाही." दर शनिवारी हाच वृत्तान्त. मटणाच्या जागी कधी कोंबडी, कधी बटाटे. मी घासत राहायची.

मग तो पडला. ट्रक तोलायच्या मोठ्या काट्याची तपासणी होती, लोखंडी पायऱ्यांवर कुणीतरी तेल सांडलं होतं, आणि हा वर बघत उतरत होता. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाताला काम नाही, वजन उचलायचं नाही, प्लास्टर निघेपर्यंत कळ काढा. नवऱ्याने त्यांना विचारलं काय, तर "तवा उचलला तर चालेल का?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं.

घरी आल्यावर त्याने डाव्या हाताने मित्रांना निरोप लिहिला. एकेक अक्षर शोधत, बराच वेळ. मला वाचूनही दाखवला. "या शनिवारी जेवण बाहेरून मागवू. पण तुम्ही या. मीही बसतो तुमच्याबरोबर. निवांत गप्पा मारू." खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, हात मोडला ते एका अर्थी चांगलंच झालं, माणूस खुर्चीला तरी टेकेल.

उत्तरं आली. वकिलाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बारक्याने लिहिलं, "आराम कर शेफ, दगदग नको." गुरांच्या डॉक्टराने काहीच लिहिलं नाही. शनिवारी कुणी आलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. नवरा आपणच त्यांची बाजू मांडत बसला, वकिलाहून बरी. कोर्टात घाईचे दिवस आहेत, गाई विण्याचे दिवस आहेत, बारक्याच्या दुकानात नवा माल उतरतोय. खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा आणि खाली गाडी थांबली की मान लांब करायचा. ते बघून मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस भांडी आपटतो. मीही आपटली.

मधल्या एका सोमवारी बारक्या आमच्या प्रयोगशाळेत आला. उपाशीपोटी साखर तपासायला. मला तिथे बघून त्याचा चेहरा पडला. पण नंबर लागला होता, पळणार कुठे? मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. ती सापडायला वेळ लागतो, माणूस भरलेला आहे.

"साखर जास्तच येणार वहिनी," तो घाबरून बडबडायला लागला. सुईला घाबरणारी माणसं बोलत सुटतात. "शनिवारी जरा जास्तच झालं ना. गच्चीवर बसलो की भान राहत नाही."

"कुठल्या गच्चीवर?" मी सुई आत घालून विचारलं.

"आमच्याच. आता आम्ही तिघंच..." आणि त्याने तोंड मिटलं. पण नळीत रक्त येत होतं, आणि माझा हात त्याच्या दंडावर होता.

"म्हणजे तुम्ही भेटताय," मी म्हटलं. "दर शनिवारी."

"तसं नाही हो वहिनी. म्हणजे, भेटतो. पण आम्हाला वाटलं, शेफचा हात असा, त्याला उगाच त्रास."

"त्याला त्रास द्यायला कुणी सांगितलं होतं? त्याने लिहिलं होतं ना स्वच्छ, नुसते या, बसू म्हणून? खिडकीत बसून वाट बघतोय तो. इतकी वर्षं त्याच्या हातचं खाल्लंत, खाल्ल्या मिठाला तरी जागा!"

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी आपला हात मागे घेतला. बारक्या खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, रागावू नका. पण तो कधी बसतो का आमच्यात?"

ते खरं होतं, म्हणून माझा राग आणखीनच वाढला. मी कापूस दाबून धरायला सांगितला आणि फर्मावलं, की येत्या शनिवारी तिघांनीही आमच्या घरी यायचं, मी रजा काढते, मी स्वयंपाक करते. "आणि मी तुम्हाला असं बोलले हे त्याला कळता कामा नये."

आले. येणार नाहीत तर जातील कुठे? नवऱ्याला मी सांगितलं की बारक्या भेटला होता, त्यानेच आपणहून विचारलं. त्या आठवडाभर तो लहान मुलासारखा झाला होता. फक्त स्वयंपाकघराच्या दारातून हटेना. "मीठ तोललंस का?" "तेल इतकं तापवू नकोस." शेवटी मी त्याचाच नियम त्याला ऐकवला, शनिवारी इथे कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि दार लोटून घेतलं. चौथ्या खुर्चीवरचं घमेलं मी खाली जमिनीवर ठेवलं. तो बसला. प्लास्टरचा हात टेबलावर ठेवून, नवा शर्ट घालून, पाहुण्यासारखा.

मी जेवण एकदमच मांडलं. खानावळ तर खानावळ. मग मीही एक स्टूल ओढून बाजूला बसले. बिअर ओतली गेली, वकिलाने ग्लास उंचावला, "शेफच्या मनगटाच्या नावाने," म्हणाला, सगळे हसले. आणि मग गप्पा सुरू झाल्या, तसं माझ्या लक्षात यायला लागलं, की नवऱ्याला त्यातलं काही कळत नाहीये.

वकील म्हणाला, "ती धाकटी परत तशीच वागली," आणि बाकी दोघांनी माना हलवल्या. नवऱ्याने विचारलं, "कोण धाकटी?" वकिलाची धाकटी मुलगी घर सोडून गेली होती, परत आली होती, आता परत जाते म्हणत होती. वर्षभर चाललं होतं ते. बारक्या म्हणाला, "दुकान विकायचं अजून ठरत नाही," तेव्हा नवरा म्हणाला, "दुकान विकतोयस तू?" प्रत्येक वेळी ते थांबायचे, त्याला मागचं सगळं थोडक्यात समजावून सांगायचे आणि पुढे जायचे. नव्या माणसाला सांगावं तसं, सभ्यपणाने. त्याच्या ते ध्यानात आलं. कानशिलं लाल झाली. आपल्यालाही माहीत असलेलं काहीतरी बोलावं म्हणून तो गुरांच्या डॉक्टराकडे वळला.

"आणि काका कसे आहेत रे? त्यांचा पत्त्यांचा डाव रंगतो ना अजून?"

वकिलाने ग्लासात बघितलं. बारक्याचा घास तोंडातच राहिला.

"बाबा वारले," गुरांचा डॉक्टर म्हणाला.

"काय सांगतोस! कधी?"

"मागच्या हिवाळ्यात."

"अरे, मग मला कुणी सांगितलं कसं नाही?" नवऱ्याचा आवाज चढला. "इतके जुने मित्र आपण, एक फोन करायचा! मी आलो नसतो का?"

"सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाला. तो रागावला नव्हता. मला वाटतं, रागावला असता तर बरं झालं असतं. "इथेच सांगितलं. हे सगळं उरकून मी चौथ्या-पाचव्या दिवशी इथे आलो होतो. घरी बसवेना म्हणून. याच खुर्चीत बसून सांगत होतो. रडत होतो मी. तू मासा घेऊन बाहेर आलास आणि माझ्याकडे बघून विचारलंस, तिखट जास्त झालंय का?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला.

"मी म्हटलं, नाही, बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला. "तू आत गेलास."

आणि मला आठवलं. त्या संध्याकाळी स्टुलावर बसून नवरा मला सांगत होता, आज डॉक्टरच्या डोळ्यांतून पाणी आलं, मिरची नवी आहे, प्रमाण बदलायला हवं. काट्यावर मिरची तोलून त्याने नवं प्रमाण काढलं होतं. मी त्याला हसलेसुद्धा होते. लाजेने माझं अंग आक्रसलं. मीही गेले नव्हते त्यांच्या घरी.

"पुढच्या खेपेला मी तिखट कमी केलं होतं," नवरा म्हणाला. अगदी हळू. हे तो का बोलला देव जाणे. बहुतेक आपण दुर्लक्ष केलं नव्हतं, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"आम्हाला वाटलं, तुला कळलंय," वकील म्हणाला. "तू भेटायला गेला नाहीस, तेव्हा म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव."

नवऱ्याने डाव्या हाताने डॉक्टराचा हात धरला. "माझं चुकलं," म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द मी आमच्या अख्ख्या संसारात फार कमी वेळा ऐकलेत. बारक्याला शांतता सहन होत नाही. त्यानेच तिढा सोडवला. "पुढच्या शनिवारी माझ्या गच्चीवर या," म्हणाला. "मी करतो सगळं. शेफ, तू नुसतं यायचं. नुसतं बसायचं. कळलं?"

"कळलं," नवरा म्हणाला.

तो आठवडा आमच्या घरात वेगळा गेला. तो गप्प होता, पण कुढत नव्हता. मला विचारायचा, "आज प्रयोगशाळेत काय झालं?" आणि मी सांगेपर्यंत थांबायचा. वकिलाला फोन करून त्याने मुलीची चौकशी केली. गुरांच्या डॉक्टरलाही फोन केला. मी शेजारीच होते. "मला ऐकायचंय रे काकांचं," म्हणाला. "सगळं. तेव्हा ऐकलं नाही, आता ऐकायचंय." मग डॉक्टर म्हणाला, "शनिवारी सांगतो." फोन ठेवून नवऱ्याने डोळे पुसले. मला त्या दिवशी त्याचं फार प्रेम वाटलं. म्हटलं, सुटलो. माणूस उशिरा का होईना, जागा झाला.

शनिवारी गाडी मीच चालवली. बारक्याची गच्ची प्रशस्त आहे, एका कोपऱ्यात उरलेल्या फरश्यांचे ढीग, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, मधे प्लास्टिकच्या खुर्च्या. टाकीजवळ त्याने कोळशाची शेगडी पेटवली होती आणि तिच्यावर जाळी. बारक्या स्वयंपाकातला ढ. पण उत्साह बघा, गळ्यात टॉवेल, हातात चिमटा, घामाघूम. वकील त्याला तिथे उभा राहून सल्ले देत होता, जे त्याला कुणी मागितले नव्हते.

नवरा बसला. गुरांच्या डॉक्टराच्या शेजारची खुर्ची त्याने मुद्दाम घेतली आणि शेगडीकडे पाठ केली. ते बघून मी मनातल्या मनात शाबासकी दिली. डॉक्टरने दोघांची बिअर ओतली. फेस ग्लासाबाहेर सांडला. नवरा काही बोलला नाही.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग डॉक्टरने आपणहून सुरुवात केली. काका शेवटी दवाखान्यात होते. नळ्या लावल्या होत्या. तोंडावाटे काही द्यायचं नाही अशी ताकीद होती. "मी स्वतः डॉक्टर आहे ना," तो म्हणाला. "गुरांचा का होईना. मला नियम कळतात. मी नर्सपेक्षा कडक पहारा ठेवला." नवरा पुढे झुकून ऐकत होता. "शेवटच्या दिवशी त्यांना बरं वाटत होतं. ओळखत होते सगळ्यांना. संध्याकाळी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, एक घोट बिअर दे रे. थंड. एकच घोट."

मागे जाळीवर चरबी ठिबकली आणि भपकन धूर उठला. मला वास आला. कडांना करपणाऱ्या माशाचा. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या नाकपुड्या हलल्या. मान वळली नाही, पण डोळे वळले. मी त्याच्या पायावर पाय दिला. बस, म्हटलं मनात. आज बस. जळू दे सगळा मासा, जळू दे बारक्याची गच्ची.

"मग मी त्यांना म्हटलं..." डॉक्टर म्हणाला आणि थांबला. त्याला ते जड जात होतं. त्याने ग्लास खाली ठेवला.

"एक मिनिट हं," नवरा उठत म्हणाला. "एकच मिनिट. तो जाळतोय बघ सगळं. आलोच."

गेला. बारक्याच्या हातातून चिमटा काढून घेतला, डाव्या हाताने कोळसे बाजूला सारले, प्लास्टरचा हात धुरातून वर धरून मासे उलटायला लागला. "लोणी कुठाय? लिंबू आहे का रे? एवढा मोठा जाळ करतात होय?" बारक्या आनंदाने ओरडला, "चला, शेफ आला! आता काळजी नाही."

खुर्चीत डॉक्टर तसाच बसून होता. मी उठून नवऱ्याच्या खुर्चीत बसले. दुसरं काय करणार?

"मी दिली नाही, वहिनी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हटलं, बाबा, बरे झालात की घरी बसून पिऊ. पहाटे गेले. मी आजवर कितीएक जनावरांना शेवटचं पाणी पाजलंय स्वतःच्या हाताने. बापाला घोटभर बिअर दिली नाही."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. हे ऐकायला मी कोण होते? मी फक्त वहिनी. ज्याला सांगायचं म्हणून तो आठवडाभर मनाची तयारी करून आला होता, तो कोळशाला वारा घालत होता.

मासे आले. नवऱ्याने पहिली प्लेट डॉक्टरपुढे धरली. धुराने डोळे लाल झालेले, चेहरा फुललेला, कितीतरी दिवसांनी. "खा. आणि सांग कसा झालाय."

डॉक्टरने एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. "मस्त झालाय," म्हणाला.

परतताना गाडीत नवरा एकटाच बोलत होता. कोळसा कसा ओला होता, जाळी किती उंच हवी होती, बारक्याला कसं काही कळत नाही. मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"काय झालं?" त्याने विचारलं. "पंक्चर?"

"तो तुला बापाबद्दल सांगत होता."

"ऐकलं की मी. दवाखान्यापर्यंतचं सगळं ऐकलं. बिअर मागितली तिथपर्यंत. पुढचं सांगेल पुन्हा."

"पुन्हा नाही सांगणार तो!" मी ओरडले. "त्याने दिली नाही ती बिअर! एवढंच सांगायचं होतं त्याला, आणि तुलाच सांगायचं होतं!"

तो समोर बघत राहिला. मला वाटलं, लागलं कुठेतरी. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पण मासा जळाला असता गं. सगळ्यांच्या जेवणाचे वांधे झाले असते." आणि मग, माझ्याकडे बघून, "करतो मी त्याला फोन."

केलाही. मी ऐकत होते. डॉक्टर म्हणाला, "जाऊ दे रे, होऊन गेलं ते." मग दोघं थोडा वेळ माशाबद्दल बोलले.

आता प्लास्टर निघालंय. शनिवार आमच्या घरी परत सुरू झालेत. हातात अजून जोर नाही म्हणून मला स्वयंपाकघरात यायची परवानगी मिळाली आहे, प्लेटा बाहेर नेण्यापुरती. माझी शनिवारची पाळी मी बदलून घेतली आहे. तिघेही येतात. वेळेवर येतात, पोटभर जेवतात, बिअर पितात, छान झालं म्हणतात आणि जातात. वकिलाच्या मुलीचं काय झालं मला माहीत नाही. बारक्याने दुकान विकलं की नाही, तेही नाही. टेबलावर आता काट्या-चमच्यांचा आवाज येतो, तेवढाच. जे काही बोलायचं ते बहुधा दुसरीकडे कुठेतरी, दुसऱ्या वारी बोलतात.

मागच्या शनिवारी मी रिकामी प्लेट घेऊन आत आले, तर नवरा दाराशी कान देऊन उभा होता. हातात सुरी, चेहऱ्यावर समाधान.

"बघितलंस?" तो हळूच म्हणाला. "आताशा बोलतसुद्धा नाहीत. इतकं आवडतंय त्यांना."